परतीचा आहेर

तुमच्या नावावर गावाकडे जमीन आहे ना? मग सांगा, तिच्या बांधाला लागून कोण राहतं?

आठवून बघा. नाव राहू द्या, चेहरा तरी आठवतो का? त्यांची विहीर कुठल्या अंगाला आहे? घरातून डांबरी रस्त्यावर यायला ती माणसं कुणाच्या रानातून येतात? उत्तर येत नसेल तर पुढचं वाचाच. हे मी तुमच्यासाठीच लिहिते आहे.

आमचं घर गावात नाही, शेतात आहे. हिंगोलीकडे अशा वस्तीला आखाडा म्हणतात. पत्र्याचं घर, गोठा, विहीर, दारात लिंबाचं झाड. सेनगावच्या रस्त्यापासून बरंच आत आम्ही राहतो. पूर्वेला आणखी एक आखाडा आहे, तिथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी तात्या म्हणते. आमचं घर बौद्धांचं, त्यांचं मराठ्यांचं, पण दोघांचं सोयाबीन आणि तूर एकाच वाटेनं बाजारात जाते. ती वाट पश्चिमेच्या रानाच्या बांधावरून जाते. ते रान पुण्यात राहणाऱ्या एका काकांचं आहे. त्यांच्या वडिलांनी आणि माझ्या आजोबांनी बांधावर तंबाखू चोळत ही वाट ठरवली होती. कागदावर ती कधी चढलीच नाही. चढवायची गरज कुणाला वाटली नाही, कारण रोज तिच्यावरून गाडी जात होती.

ती वाट बंद झाली तर आम्ही शेतासकट कोंडले जाऊ. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा.

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. बाबा हिंगोलीच्या प्रत्येक मोर्चाहून, जयंतीच्या प्रत्येक सभेहून पत्रकं घेऊन यायचे. ती वाचून झाली की माय फळीवर अंथरायची. तिखटाचा डबा उचलला की खाली ‘जागे व्हा’ असं लिहिलेलं असायचं. त्यामुळे अन्याय म्हणजे काहीतरी आरडाओरडा करत, दार ठोठावत येणारी गोष्ट असते, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं.

आमच्याकडे तो आला तेव्हा चपला दाराबाहेर काढून आला.

तालुक्याचाच माणूस होता. सौरऊर्जेच्या कंपनीसाठी जमिनी गोळा करत फिरायचा. आल्या आल्या बाबांच्या पाया पडला आणि म्हणाला, “मामा, आमच्या मायचं आजोळ ह्याच शिवारातलं.” खरं होतं की खोटं, कुणी विचारलं नाही. आमच्याकडे भाचा म्हणून आलेल्याची उलटतपासणी घेत नाहीत. त्याला पाणी देतात, चहा देतात, आणि त्यानं आणलेली वस्तू माघारी लावत नाहीत. तो सगळ्यांनाच मामा म्हणायचा, म्हणून गावानं त्याचं नाव भाचा ठेवलं.

भाच्यानं पिशवीतून टॉवेल, टोपी आणि नारळ काढला.

“हे कशापायी?” बाबांनी विचारलं.

“सत्कार हाय मामा. सही न्हाई, अंगठा न्हाई. नुसता मान.”

“नारळ आमच्यात चालत न्हाई.”

भाच्यानं जराही न अडखळता नारळ आत ठेवला आणि त्याच पिशवीतून फुलांचा गुच्छ काढला. आमच्या घरात काय चालतं आणि काय नाही, हे तो आधीच विचारून आला होता. मला पहिल्यांदा भीती वाटली ती त्या गुच्छाची.

बाबांच्या खांद्यावर टॉवेल पडला, डोक्यावर टोपी बसली. भाच्याबरोबरच्या माणसानं मोबाईलवर फोटो काढला. चहा झाला. कंपनीला हा सगळा माळ सलग भाड्यानं हवा आहे, त्यात आमचं आणि तात्यांचं रानही येतं आणि तात्या तर तयारच आहेत, असं तो अगदी जाता जाता, चपला घालताना बोलला. जशी काही विसरलेली गोष्ट आठवली.

दुसऱ्या दिवशी तात्या आले. ओट्यावर बसले, पण पाणी घेतलं नाही.

“तुमी टॉवेल घेतला म्हणं.”

“तुमी बी घेतलाव की,” बाबा म्हणाले.

“मी घेतला तुमचा फोटू बघून. म्हटलं, मोर्चावाल्यानं घेतलाय तर आपण कोण मोठे लागून गेलो?”

“अन् मला तर तो म्हणाला, तात्या कवाच तयार हायेत.”

“मी? मी तवर त्याचं तोंड बी बघितलं नव्हतं.”

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग तात्यांनी पाणी मागितलं.

आमच्या भागात टॉवेल-टोपी ही लहान गोष्ट नाही. सोयरीक ठरली की टॉवेल-टोपी, भांडण मिटलं की टॉवेल-टोपी. ज्यानं ती घेतली त्यानं शब्द दिला, असंच गाव धरतं. शिवारातल्या प्रत्येक आखाड्यावर टॉवेल पोचला होता आणि प्रत्येकाला वाटत होतं की शेजारी फुटला. बांधावर उभं राहून बोलणारी माणसं लांबूनच हात करून जायला लागली. भाच्यानं अजून कुणाचीही जमीन घेतलेली नव्हती, पण माणसं त्यानं वेगळी करून ठेवली होती.

मग खुणा दिसायला लागल्या. काकांच्या रानात एका सकाळी लाल रंगाचे खुंटे ठोकलेले होते. कधी ठोकले, कुणी बघितलं नाही. दुपारच्या वेळी डोक्यावरून ड्रोन घरघरत जायचा आणि विहिरीवर थांबल्यासारखा वाटायचा. धुणं धुताना माय डोक्यावर पदर घ्यायची. एक दिवस आमच्या वाटेवर कुणीतरी मुरूम आणून टाकला, रोलर फिरवला. वर्षानुवर्षं आम्ही ग्रामपंचायतीकडे मूठभर मुरूम मागत होतो. हा न मागता आला.

“वाट एवढी रुंद काहून करून राहिले?” तात्या म्हणाले. “आपल्याकडं कुणाची बारात येऊन राहिली?”

कुणी हसलं नाही. तात्याही हसले नाहीत.

इथं एक सांगून टाकते, म्हणजे गैरसमज नको. उन्हापासून वीज करण्याला माझा विरोध नाही. आमच्या विहिरीवरचा पंप सौर आहे. रात्रीच्या विजेची वाट बघत बाबा चिखलात उभे राहायचे, ते त्या पंपामुळे थांबलं. पण पंपाची काचेची सौर पाटी आमच्या विहिरीपाशी उभी आहे आणि तिच्याखाली मेथी येते. इथे सगळ्या माळावर काच अंथरणार, भोवती जाळी मारणार आणि मध्ये राहिलेल्या माणसांना ‘अडथळा’ म्हणणार. भाच्याजवळच्या नकाशात आमचा आखाडा नव्हताच. तिथे फिकट पिवळा रंग होता आणि ‘पडीक’ असं लिहिलेलं होतं. त्या वेळी त्या पडिकावर तूर फुलात होती.

मी पत्रक लिहायला बसले. मला दुसरं काय येतं? मायनं माझ्या खांद्यावरून वाचलं.

“चांगलं हाय,” ती म्हणाली. “पण हे वाचून भाचा पळंल का?”

“मग टॉवेल त्याच्या तोंडावर फेकू.”

“आहेर फेकायचा नसतो बाई. फेडायचा असतो.”

तिचा हिशेब साधा होता. लग्नात कुणी आपल्याला आहेर केला की आपण परतीचा आहेर करतो. त्यानं टॉवेल दिला, आपण टॉवेल द्यायचा. त्यानं टोपी दिली, आपण टोपी द्यायची. चार माणसांत द्यायची. “झालं बराबर. मग आपण त्याचं काही लागत न्हाई अन् तो आपला काही लागत न्हाई.”

ही गोष्ट बायकांमधून एका आखाड्यावरून दुसऱ्या आखाड्यावर गेली, आणि जे काम माझ्या पत्रकानं झालं नसतं ते झालं. लांबून हात करणारी माणसं पुन्हा बांधावर येऊन बोलायला लागली. सगळ्यांनी मिळून आहेर करायचा ठरला. माय स्वतः सेनगावच्या बाजारात गेली. दुकानदारानं दाखवलेले टॉवेल ती दोन बोटांत चोळून बघत होती. “हलका नको,” ती मला म्हणाली. “त्याच्यापेक्षा हलका दिला तर आपल्याकडं बाकी राहती.”

शाळेच्या आवारात कंपनीनं बैठक बोलावली होती. भाचा पुढे खुर्चीवर होता. सगळे जमल्यावर तात्या उठले, त्यांनी त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला. माय पुढे झाली आणि तिनं त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली.

“भाचेबुवा,” तात्या मोठ्यानं म्हणाले, “तुमी आमाला दिलं, आमी तुमाला दिलं. आता तुमचं आमचं बराबर. जमिनीचं नाव काढायचं न्हाई.”

भाच्यानं मान लववून टोपी नीट करून घेतली. दोन्ही हात जोडले. “मामालोकांनी केलेला मान जन्मभर इसरणार न्हाई.”

मागून कुणीतरी म्हणालं, “आता मामीला बी नमस्कार कर, टोपी तिनंच निवडली.” सगळे हसले. भाचा खरंच मायच्या पाया पडला. माय हसली, बाबा हसले. कितीतरी दिवसांनी आम्ही एकत्र हसत होतो. भाच्याबरोबरचा माणूस मोबाईल उंच धरून फोटो काढत होता, आणि त्याला कुणी अडवलं नाही. आहेराचा फोटो काढतातच.

येताना वाटेत तात्या म्हणाले, “फिटला एकदाचा.”

तो फोटो आठवडाभरात सगळ्या तालुक्याच्या मोबाईलवर फिरला. खाली लिहिलं होतं: सौर प्रकल्पाचं स्वागत करताना व प्रतिनिधींचा सत्कार करताना ग्रामस्थ.

तात्या जे बोलले होते ते फोटोत ऐकू येत नव्हतं. मायनं माझा मोबाईल हातात घेऊन, दोन बोटांनी फोटो मोठा करून बराच वेळ बघितला.

“टॉवेल तर आपलाच हाय.”

“व्हय.”

“मग हे असं काहून लिहिलं?”

बाबा गोठ्याकडे निघून गेले.

तेव्हा मी पुण्याच्या काकांना फोन केला. लहानपणी ते दिवाळीला यायचे, तेव्हा मला लिमलेटच्या गोळ्या द्यायचे. आवाज तसाच प्रेमळ होता. मी म्हटलं, काका, तुमच्या रानात खुंटे ठोकलेत.

“अगं हो, करार झाला ना परवा. मी बरेच दिवस थांबलो होतो. म्हटलं, शेजाऱ्यांचं काय मत आहे ते कळू दे. मग तो फोटो आला. तुझी आई त्याला टोपी घालते आहे, सगळे हसताय. म्हटलं चला, सगळेच खूश आहेत.”

मी परतीचा आहेर काय असतो ते सांगायला लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मी म्हटलं, “काका, आमच्या वाटेचं काय?”

“कुठली वाट?” त्यांनी विचारलं.

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मला त्यांच्यावर चिडायचं होतं, आणि त्या प्रेमळ आवाजावर चिडता येईना.

आता त्यांच्या रानाला जाळी लागली आहे. बांधावरच्या बाभळी आणि बोरी गेल्या. पूर्वी माळावर चरणारे रोही, म्हणजे नीलगायी, जाळीला आदळून वळतात आणि आमच्या तुरीत शिरतात. आमची वाट जिथे जाळीला भिडते तिथे एक लोखंडी फाटक केलं आहे. फाटकावर पहारेकरी असतो. तो सभ्य आहे, दिवसा फाटक उघडंच ठेवतो. फक्त आम्ही दिसलो की विचारतो, “कुठं निघालात?” बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःच्या घरून बाजाराला जाताना, कुठे निघालो ते परक्या माणसाला सांगितलं. वाटेसाठी तहसीलला अर्ज दिला आहे. तिथे विचारतात, वाट होती याला पुरावा काय? आम्ही तात्यांना पुढे करतो. तात्या म्हणतात, मी आहे ना, मी तिच्यावरून म्हातारा झालो. साहेब मान हलवतात आणि पुढची तारीख देतात.

मागच्या आठवड्यात भाचा पुन्हा आला. चपला बाहेर काढल्या. मायनं पाणी दिलं, ते तर द्यावंच लागतं.

“मामी,” तो म्हणाला, “आता तिकून जाळी आली, उद्या इकून येईल. मधी तुमी एकलेच राहून काय करता? फाटक उघडं हाय तवर ठीक हाय.”

त्याच्या आवाजात धमकी नव्हती. हवामान सांगावं तसं तो सांगत होता. मग त्यानं पिशवीतून साडी काढली आणि मायपुढे धरली. त्याच्या मागे मोबाईल वर झालेला मला दिसला.

मायनं दोन्ही हात पदराखाली घेतले. भाचा उभा राहिला, हसत. तिनं हात बाहेर काढले नाहीत. ती त्याच्याकडे बघतही नव्हती, फाटकाकडे बघत होती. शेवटी त्यानं साडी ओट्यावर ठेवली आणि तो गेला.

ती साडी अजून तिथेच आहे. तिच्यावर माळाची धूळ बसते आहे. कुणी तिला हात लावत नाही, आणि ती परत करायची कशी हेही आता कुणाला सांगता येत नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या गावच्या जमिनीचा करार कुणी पुढे केला, तर सही करण्याआधी एकदा तिकडे जा. फोटो बघून ठरवू नका. एसटीतून उतरा, बांधापर्यंत चालत जा, आणि पलीकडे ज्या घरातून धूर निघताना दिसेल तिथे पाणी मागा. पाणी घेऊन येईल त्या बाईला विचारा, तुमची वाट कुठून जाते. ती हात करून दाखवेल. मग त्या वाटेवरून रस्त्यापर्यंत स्वतः चालत या, आणि करारात सगळ्यात आधी ती वाट लिहून घ्या. ती लिहायला समोरचा तयार नसेल, तर सही करू नका.