पाय लागला

कुवेतमधल्या अबू हलीफाला लेकाकडे असते ना मी, तिथे समुद्राकाठच्या बाकावर रोज एक इटालियन बाई शेजारी येऊन बसायची. नव्वदीची असेल, पाठ मात्र ताठ. नाव विचारायचं राहूनच गेलं बघा. एकदा तिच्या काठीला माझा पाय लागला, तसा सवयीनं मी नमस्कार केला.

"हे काय?"

मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "पाय लागला की आम्ही माफी मागतो. वस्तूचीसुद्धा."

ती हसली. म्हणाली, "तरुणपणी मी अडथळ्यांच्या शर्यतीत देशाकडून धावायचे. एकदा सगळ्यांच्या पुढे होते, शेवटच्या अडथळ्याला पाय लागून पडले. पुन्हा मला निवडलंच नाही. त्या लाकडाला आजवर मी शिव्याच दिल्या."

मग काठीला लागू नयेत म्हणून तिनं दोन्ही पाय हळूच बाकाखाली ओढून घेतले.