रिलीव्हर येईपर्यंत

लोकांकडून फुकट काम करून घेण्याची कला ज्याला काडीचीही जमत नाही आणि तरीही जो दुसरं काहीच करत नाही, असा माणूस साऱ्या भंडारा जिल्ह्यात एकच आहे, आणि ते नेमके माझे साडभाऊ. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. जवाहरनगरच्या कारखान्यात उभी हयात पाळ्या केल्या आणि निवृत्त होऊन मोहाडीला आमच्या गल्लीत राहायला आले. निवृत्तीनंतरही पहाटे पाचला दाढी, इस्त्रीचा शर्ट आणि डबा सुटला नाही. कारखान्याची बस आता न्यायला येणार नव्हती, म्हणून तेच आख्ख्या गावाला कामावर न्यायला निघाले.

आमच्या शाळेसमोरून मोठा रस्ता जातो आणि त्यावरून रेतीचे टिप्पर धावतात. एकदा एका पोरीची सायकल चाकाखाली गेली, पोरगी थोडक्यात वाचली. गावानं दोन दिवस हळहळ केली आणि तिसऱ्या दिवशी विषय बदलला. साडभाऊंनी मात्र लाल कापडाचा झेंडा शिवून घेतला, शिट्टी आणली, आणि एका वहीत पाळ्या आखल्या: शाळा भरताना, मधल्या सुट्टीत, सुटताना. मग 'आठवड्यातून एक घंटा' मागत ते गावभर फिरले. न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेला माणूस त्यांना फार आवडे, कारण तो उठून जाऊ शकत नाही. कोणी कामाचं रडगाणं गायलं की म्हणायचे, "मरायले फुरसत नाई म्हनता, आन् पानठेल्यावर दोन घंटे कोन उभा राह्यते जी?" एका तेरवीत तर त्यांनी पंगतीतच नावं लिहून घेतली. दुःखाच्या घरी कोण नाही म्हणणार? नावांनी दोन पानं भरली, आणि सोमवारी रस्त्यावर आले एकटे साडभाऊ.

त्यांचा एक नियम कारखान्यातून आला होता. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. मशीन सोडून कोणी घरी जातं का? आम्ही हसायचो. रिलीव्हर न आल्यानं हा माणूस सकाळी दहापासून पाचपर्यंत उन्हात उभा राहायचा, आणि आम्ही हसायचो.

गुरुवारची मधली सुट्टी माझी होती. मी दोनदा गेलो. खोटं कशाला बोलू, आवडलं होतं. एका चिमुरडीनं न विचारता माझं बोट धरलं आणि पलीकडे गेल्यावरही थोडा वेळ सोडलं नाही. मग धान कापणी आली, मग लग्नं, मग नुसताच कंटाळा. साडभाऊ भेटले की म्हणायचे, "काही हरकत नाई जी, पुढच्या गुरुवारी या." त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या गोड बोलण्याचा मला रागच यायचा.

त्या गुरुवारी मी पानठेल्यावर होतो. समोर ते झेंडा घेऊन उभे होते आणि आमच्या गल्लीकडे बघत होते. मी त्यांना पाहिलं आणि पाठ फिरवली. संध्याकाळची पाळी कापडदुकानदाराची, तोही आला नाही. शेवटचं पोर पलीकडे पोचवल्यावर साडभाऊ रस्त्याच्या कडेला बसले ते उठलेच नाहीत. अर्धांग झालं. उजवी बाजू गेली.

मग गावाला त्यांची आठवण आली. एका मंडळानं त्यांची वही नेली आणि तिच्यावरून सेवाभावी लोकांचे सत्कार ठरवले. गुरुवारी सकाळच्या त्या कार्यक्रमात माझंही नाव पुकारलं. वहीत प्रत्येक गुरुवारी माझ्या नावापुढे त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'हजर'. मी शाल घेतली, नारळ घेतला, फोटोही काढून घेतला.

मंडळानं परत द्यायला सोपवलेली वही घेऊन तसाच त्यांच्या घरी गेलो. ताईंनी, म्हणजे बायकोच्या त्या थोरल्या बहिणीनं, वही माझ्याकडून परत घेतली आणि म्हणाल्या, "म्या विचारलं होतं ह्यायले, आले नाईत तरी हजर कायले लिवता? तर म्हने, गैरहजर लिवलं का मानूस लाजते, आन् लाजला का मंग येतच नाई."

खाटेवरून साडभाऊंनी माझी शाल पाहिली नाही, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. वाकडं झालेलं तोंड कसंबसं हललं. "गुरुवार हाये ना? तिथं... कोन हाये आता?"

मी नारळ खाली ठेवला. खुंटीवरचा झेंडा काढला, ताईंच्या हातून वही घेतली आणि निघालो.

मधली सुट्टी संपली, पोरं आत गेली. मी उभाच राहिलो. शाळा सुटायची वेळ झाली तरी कापडदुकानदाराचा पत्ता नव्हता. मग तो दिसला, समोर पानठेल्यावर. त्यानं मला पाहिलं आणि हळूच पाठ फिरवली. मला त्याचा राग आला नाही. ती पाठ माझ्या चांगली ओळखीची होती.

सगळी पोरं पलीकडे पोचवली. मग वही उघडून त्याच्या नावापुढे लिहिलं, हजर.