झालं?

“मी दाराला विचारत नाही, दारातल्या माणसाला विचारतो,” असं क्लेटन एकदा श्रीरंगला म्हणाला होता.

श्रीरंग त्याचा विमानतळावरचा सुपरवायझर. विमान निघताना दारातल्या हवाईसुंदरीने दार लागल्याचं ठरलेलं इंग्रजी वाक्य म्हणायचं, खालच्या माणसाने ते परत म्हणायचं, वर चढून दार बंद झालेलं डोळ्यांनी पाहायचं आणि मगच चाकांची शिडी ओढायची, असा नियम. क्लेटन वर चढत नव्हता, म्हणून श्रीरंगने त्याला हटकलं होतं.

क्लेटन निर्मळला केळीच्या वाडीत एकटा राहायचा. आई गेली, भाऊ बायकोमुलांसकट परदेशी गेला. कामावरून आला की तो वाडीला पाणी सोडायचा आणि पाटातलं पाणी पुढे सरकताना ऐकत बसायचा. अंधार पडला तरी आत जायची घाई नसायची. विमानतळावर तर इंजिनांमुळे कानांत बोळे घातलेले. तिथे लोक हातांनी बोलत.

एका सकाळी विमानाच्या दारातल्या मुलीने त्याच्या छातीवरचं नाव वाचलं. “वसईकडचे का?”

“निर्मळ.”

“मी मनवेलपाड्याची. अश्लेषा.”

मग तिची फेरी असली की दोन शब्द व्हायचे. “काका, वाडीतली सुकेळी आणतो आणतो म्हणता,” ती वरून म्हणायची, “आता तुम्हीच सुकत चाललात.”

“उन्हात उभं राहून बघ,” तो म्हणायचा.

त्या बोलण्यात ते इंग्रजी वाक्य कधी गळून पडलं, कुणाला कळलं नाही. तो खालून विचारायचा, “झालं?” ती म्हणायची, “झालं.” घरातला शब्द. त्यात दार मावायचं, प्रवासी मावायचे, सकाळचा चहासुद्धा.

त्या दिवशी त्याने विचारलं, “झालं?” आतून तिचा आवाज आला, “झालं.” त्याने ड्रायव्हरला अंगठा दाखवला. शिडी मागे सरकली. हातातला एक कागद खाली द्यायचा राहिला होता, म्हणून अश्लेषा दारात आली आणि सवयीने बाहेर पाऊल टाकलं. पावलाखाली काही नव्हतं.

कंबरेचं हाड मोडलं. ती सकाळ तिच्या डोक्यातून पुसून गेली. क्लेटन विरारच्या हॉस्पिटलमध्ये सुकेळी घेऊन गेला, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“काका, मी दार लागल्याचं सांगितलं होतं का हो? ऑफिसात सगळे तसंच म्हणतात. तसं ठरलं तर मला काढणार.”

क्लेटनने पुडी उशाशी ठेवली. मग तो निघाला.

चौकशीच्या दिवशी श्रीरंगने त्याला जिन्यात गाठलं. “तिने वाक्य म्हटलं, एवढंच बोल. ऐकणारा तू एकटाच होतास. तिला आठवत नाही. तुझी नोकरी राहील.”

“आणि तिची?”

“ती तरुण आहे, क्लेटन. तुला आता कोण घेणार?”

खोलीत टेबलापलीकडे चौकशी अधिकारी होते. श्रीरंग खिडकीशी बसला.

“तिने ठरलेलं वाक्य म्हटलं?”

“नाही. मी विचारलं, झालं? ती म्हणाली, झालं.”

“काय झालं?”

“ते मी विचारलं नाही. माणसं मोजून झाली असतील. दार उघडं होतं. मी वर गेलो नाही.”

“इतकी वर्षं हेच काम करता. वाक्य येत नाही तुम्हाला?”

“येतं.”

“मग?”

“ते म्हटलं की बोलणं संपतं,” क्लेटन म्हणाला. “आदल्या दिवसापासून कुणाशी बोललो नव्हतो.”

श्रीरंगने मान खाली घातली. अधिकाऱ्यांनी लिहायला पेन उचललं. हे कोणत्या रकान्यात घालायचं, ते त्यांना सुचत नसावं. मग त्यांनी फक्त तिची चूक नसल्याचं लिहिलं, वाचून दाखवलं, त्याची सही घेतली. फाइल मिटत त्यांनी विचारलं,

“झालं?”

क्लेटनने वर पाहिलं. त्याचे ओठ हलले, मिटले. तो उठला, खुर्ची आत सरकवली आणि दार ओढून घेत निघून गेला. ते लागलं का म्हणून बाहेरून एकदा ढकलून पाहिल्याचा तेवढा आवाज आला.