आंब्यावरचं पोळं आणि आमचा अबोला

गांधीलमाशीला आमच्या घरात मी वैरीण म्हणते. मधमाशी एकदा डसते आणि मरून जाते, तिचं आपलं तिथंच फिटतं. ही डसते, उडते, फिरून येते आणि त्याच जागी पुन्हा डसते. पावसाळा सरता सरता तिचं पोळं घागरीएवढं होतं, आणि नेमकं तेव्हाच लोकांना घरावर आलेल्या फांद्या आठवतात. माझ्या नवऱ्याचा धंदा फांद्या तोडायचा. दसरा-दिवाळी म्हटलं की बाकीच्या बायकांना फराळ आठवतो, मला माश्या आठवतात.

आम्ही मुळशीतल्या माण गावचे. शेतं गेली, तिथं आता कंपन्या आहेत. सगळ्या गावानं केलं तेच आम्ही केलं, परड्यात खोल्या काढल्या आणि नोकरीवाल्या पोरांना भाड्यानं दिल्या. तेवढ्यावर घर सुखानं चालत होतं. पण नवऱ्याला जमिनीवर करमायचं नाही. टेम्पोत लाकूड कापायचं मशीन, कोयता आणि दोर टाकून ते मुळशीभर हिंडायचे. दोर धरायला मला न्यायचे, कारण गडीमाणूस दोर धरून मोबाईल बघत बसतो असं त्यांचं म्हणणं.

दोर चांगला मनगटाएवढा, सुती होता. नायलॉन हातातून सुळकतो म्हणून त्याला ते शिवत नसत. त्याचं एक टोक त्यांच्या कमरेला, मधला भाग वरच्या एखाद्या बळकट बेचक्यातून, आणि दुसरं टोक बुंध्याला वेढे देऊन माझ्या हातात. वेढे असले की माझ्यासारखी बाईसुद्धा पुरुषाचा भार पेलू शकते, हळूहळू दोर सोडत त्याला खाली आणू शकते. शिवाय हात मोकळे राहावेत म्हणून ते कासऱ्याच्या तुकड्यानं स्वतःला फांदीशी बांधून घ्यायचे.

त्या वर्षी त्यांचे गुडघे बोलायला लागले होते. उतरताना पाय चाचपडायचा. रात्री तेल चोळताना मी म्हटलं, आता पुरे झालं. त्यावरून जे वाजलं ते शेजारच्या खोल्यांतल्या पोरांनीही ऐकलं. त्यांनी ताट भिरकावलं, मी तांब्या. तांब्या भिंतीला लागला, त्याचा पोचा अजून आहे. त्या दिवसापासून आमचा अबोला सुरू झाला.

अबोल्यात घर थांबत नाही. मधे कुणीतरी लागतं एवढंच. लेक होती तोवर आधीच्या अबोल्यांत निरोप तिच्यामार्फत जायचे. ती सासरी गेल्यापासून आम्ही भिंतीशी बोलतो. "चहा झालाय म्हणावं," मी भिंतीला सांगायची. "साखर कमी हाय म्हणावं," ते चुलीकडं बघून म्हणायचे. कामालाही आम्ही असेच गेलो. टेम्पोत दोघं शेजारी बसून दोन बाजूंना बघत.

भरे गावच्या एका शेतकऱ्याचा बांधावरचा आंबा त्याच्या नव्या पत्र्याच्या शेडवर झुकला होता. शेतकरी भला माणूस. त्यानं पाणी दिलं, गूळ दिला. मी बुंध्याशी उभी राहून वर बघत होते. शेडच्या बाजूची मोठी फांदी पानांनी गच्च भरली होती आणि त्या पानांत एकेक पिवळ्या पट्ट्याची माशी शिरत होती, एकेक बाहेर पडत होती. पोळं दिसत नव्हतं. पण एवढी ये-जा कशाची असते ते मला कुणी शिकवायला नको होतं. दिवेलागणीला टेंभा लावून आधी पोळं जाळायचं आणि दुसऱ्या दिवशी फांदी पाडायची, ही आमची रीत.

मी शेतकऱ्याला म्हटलं, "दादा, त्यांना सांगा, शेडकडच्या फांदीत गांधील हाय."

तो बिचारा आमच्या मधे उभा. "पाव्हणं, वहिनी म्हणत्यात, तिकडच्या फांदीत गांधील हाय."

"मला डोळं हायेत म्हणावं," नवरा कमरेला दोर बांधत म्हणाला.

"त्यांना म्हणावं, डोळं असून उपेग न्हाई. आज जाळा, उद्या तोडा."

"मला कुणी सांगितलंच न्हाई," ते म्हणाले, शेतकऱ्याला, आणि वर चढले.

बाई सांगते म्हणून थांबलं तर अबोल्यात हार झाली असती ना. मला एवढी चीड आली की दोर टाकून टेम्पोत जाऊन बसावं असं वाटलं. पण हात दोर सोडेनात.

त्यांनी त्याच फांदीच्या मुळाशी कासरा बांधला, मशीन ओढलं आणि पातं लाकडात घातलं. मशीन थरथरलं तशी सगळी फांदी थरथरली. पानांतून अर्धं पोळं सुटलं आणि धाडकन पत्र्यावर आपटून फुटलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग पानांतून धूर निघावा तशा माश्या निघाल्या आणि सरळ त्यांच्या तोंडावर गेल्या.

त्यांनी मशीन सोडलं. मशीन खाली पडून ढेकळं उडवत, गरगरत बंद पडलं. शेतकरी ओरडत शेडमध्ये घुसला आणि त्यानं दार लावून घेतलं. त्याला मी दोष देत नाही, त्याच्या हातात दोर नव्हता. वर नवरा कोयत्यानं हवा कापत होता, स्वतःच्याच गालावर चापट्या मारत होता. मग पाय सुटला आणि ते फांदीखाली लोंबकळले. कासरा छातीत रुतला, मान लुळी पडली, कोयता मात्र मुठीत राहिला.

तोवर माश्या माझ्यापर्यंत आल्या होत्या. पहिली कानामागं डसली, तापलेला खिळा ठोकावा तशी. नंतरच्यांची जागा मला सांगता येणार नाही. पापणीवर, ओठावर, पदराखाली. एक हात सोडून झटकावी तर दोर सैल होतो. मी दोर धरून उभी राहिले आणि वर तोंड करून ओरडले, "अवो! कासरा कापा! अवो, ऐकताय का?"

ते ऐकत नव्हते. कासरा तुटल्याशिवाय मी त्यांना खाली आणू शकत नव्हते, आणि माझ्या डोळ्यांदेखत माश्या त्यांच्या टकलावर थर करून बसल्या होत्या. हा माणूस आता मरतो, हे मला स्वच्छ कळलं. अबोल्यातच मरतो, हेही कळलं, आणि मला भीतीपेक्षा संताप आला.

त्यांचं नाव मी उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. त्या दिवशी पहिल्यांदा बोंब मारून घेतलं. "मुडद्या, कासरा काप! तुला मला विधवा करायची हाय व्हय? काप म्हणतेय!" त्यापुढं जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेडमधल्या शेतकऱ्यानं ऐकलं आणि नंतर कधी माझ्याकडं वर मान करून बघितलं नाही.

मान हलली. कोयत्याचा हात उचलला गेला. एकदा चुकला, मग कासऱ्यावर बसला, आणि सगळा भार एकदम माझ्या हातांत आला. वेढे कुरकुरले. तळव्यांची साल निघाली, तरी मी दोर एकदम सोडला नाही. वीतवीत सोडत त्यांना जमिनीला लावलं, कमरेची गाठ सोडली, काखेत धरून फरफटत टेम्पोपर्यंत नेलं, आत ढकललं आणि काचा वर केल्या.

पण माश्या आमच्यासोबत आत आल्या होत्या. त्यांच्या शर्टात, माझ्या केसांत, सीटवर. मी पायातली चप्पल काढली आणि मारायला लागले. काचेवर मारल्या, सीटवर मारल्या, त्यांच्या डोक्यावर, पाठीवर, छातीवर बसलेल्या मारल्या. सगळ्या मेल्या. तरी मी मारतच होते. नवऱ्यालाच मारत होते, चपलेनं, जीव खाऊन, आणि ताट भिरकावलं त्याचे, गुडघ्यांचे, "मला कुणी सांगितलंच न्हाई"चे असे सगळे हिशेब चुकते करत होते. त्यांनी हातही वर केला नाही. हात थकला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी रडतेय.

माश्या पांगल्यावर शेतकऱ्यानंच टेम्पो चालवत आम्हाला पिरंगुटला दवाखान्यात नेलं. मला सुई टोचली आणि सुजेनं मिटलेले डोळे उघडेपर्यंत झोपवून ठेवलं. त्यांना मात्र पुढं शहरात हलवलं. विष अंगात फार गेलं होतं. लघवी काळ्या चहासारखी यायला लागली, आणि किडन्या तग धरतील की नाही ते डॉक्टर नीट सांगेनात. मी बाकावर बसून असायची. देवाचं नाव घ्यायला जावं तर तोंडात शिव्याच यायच्या.

मग एका सकाळी लघवीचा रंग फिका झाला. डॉक्टर म्हणाले, आता भीती नाही. ते ऐकून मी घरी आले, पोटभर जेवले आणि माळ्यावरून लांब बांबू काढला.

उरलेलं अर्धं पोळं अजून त्या फांदीत होतं. शेतकऱ्यानं फोन करून सांगितलं होतं की माश्या ते पुन्हा बांधतायत. टेंभ्याला चिंध्या गुंडाळतात. मी चिंध्या शोधल्या नाहीत. शेतकऱ्यानं टेम्पोतून घरी पोचवलेला नवऱ्याचा तो सुती दोर घेतला, कोयत्यानं त्याचे तुकडे केले, बांबूच्या टोकाला आवळून गुंडाळले आणि रॉकेलमध्ये बुडवून ठेवले.

दिवेलागणीला भऱ्यात गेले. अंगावर रेनकोट, डोक्यावर गोणपाट, तोंडावर जुनी ओढणी. शेतकऱ्यानं शिडी धरली, पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या. दोर छान जळतो. सुती असल्यामुळं विझत नाही. मी तो धगधगता बोळा पोळ्याच्या तोंडात खुपसला आणि फिरवला. माश्या पेटत बाहेर आल्या आणि पेटत खाली पडल्या. पोळ्याच्या घरांतल्या पांढऱ्या अळ्या भाजून तडतडल्या, टपटप पत्र्यावर गळल्या. मला जराही वाईट वाटलं नाही. पोळ्याची राख झाली तरी मी बांबू तिथंच धरून होते. शेवटी शेतकरी म्हणाला, "वहिनी, बास. झाड पेटंल." तेव्हा खाली उतरले.

ते घरी आले तेव्हा निम्मे झाले होते. अंगणात बाजेवर बसायचे. त्या दिवशी झाडाखाली एवढं सगळं बोलून झालं होतं, पण आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही, पुन्हा भिंतीशीच बोलायला लागलो. महिनाभरानं त्यांनी कोयता काढला आणि दगडावर घासायला घेतला. मी आत भाकरी करत होते. ऐकलं, पण उठले नाही.

थोड्या वेळानं ते माळा धुंडाळून आले आणि भिंतीला म्हणाले, "दोर कुटं हाय म्हणावं."

मी भाकरी उलटली. भिंतीला मधे घातलं नाही. सरळ त्यांच्याकडं बघून म्हटलं, "जाळला. त्यानंच पोळं जाळलं. नवा आणलात तर तोही जाळीन."

त्यांनी कोयता खुंटीला अडकवला, अंगणात गेले आणि माझ्याकडं पाठ करून बाजेवर बसले.

तेव्हापासून त्यांनी माझ्याशी अबोला आणखीच घट्ट धरलाय. मी दिवसातून चारदा बाहेर डोकावून बघते. ते बाजेवर असतात, पाय जमिनीला टेकलेले असतात. मी भिंतीला सांगते, चहा झालाय म्हणावं.