पुढचं वाक्य

विंगेत वही घेऊन बसायचं आणि नटांना विसरलेली वाक्यं हळूच सांगायची, हे कुजबुजताईचं तीस वर्षांचं काम. मधले चार महिने मात्र ती अंथरुणातून उठली नव्हती. परतली तेव्हा नायकाने सगळ्यांदेखत विचारलं, "काय ताई, झाली का नाटकं करून?"

ताईने डॉक्टरांचं म्हणणं सांगून पाहिलं. "मेंदूत वेगवेगळी जाळी असतात म्हणे. एक आपलंच दुःख घोळवत बसतं, दुसरं आपल्याला कामाकडे ओढतं. माझं पहिलं दुसऱ्याला वाटच देत नाही. अशा माणसाला उदासी लवकर गाठते."

"अहो, तेच ते उगाळायचं नाही. पुढचं वाक्य घ्यायचं, संपलं!" नायक म्हणाला आणि अख्खी मंडळी फिदीफिदी हसली. ताईने ते हसू गाठीशी बांधून ठेवलं.

शनिवारी भरल्या थिएटरात नायक गरजला, "आई, मी परत आलोय!" आणि पुढचं विसरला. सवयीने तो विंगेकडे सरकला. ताईचं बोट नेमकं ओळीवर होतं, ओठ मिटलेले.

"आई, मी परत आलोय!" त्याला घाम फुटला. "आई... मी परत आलोय."

"कळलं हो, बसा आता!" मागच्या रांगेतून आवाज आला आणि अख्खं थिएटर हसलं. ताईने तो हशा मनसोक्त ऐकला आणि मगच वाक्य दिलं.

मध्यंतरात नायक धावून आला. "मुद्दाम केलंत!"

"हो, मुद्दाम. तुम्ही तीनदा अडकलात, मी चार महिने. पुढचं वाक्य घ्यायचं, संपलं, नाही का?"

दुसऱ्या अंकाची घंटा झाली. रंगमंचावर जाताना नायकाने दोनदा मागे वळून पाहिलं. ताईने पान उलटलं. ओठ मिटलेलेच होते.