देवगाव फाट्यावरचे पाणी

जालन्याहून एस.टी. सुटली तेव्हा माझ्या पिशवीत पाण्याने काठोकाठ भरलेला फिरकीच्या झाकणाचा तांब्या होता. पन्नाशी उलटल्यावर मुतखड्याने मला आडवे पाडले, तेव्हा डॉक्टरांनी खडसावले होते, "मास्तर, तहान लागायची वाट पाहू नका. रोज फिरायला जाता, उन्हात चालता, तर घोट घोट पीत राहा. लघवी गडद पिवळी दिसली की समजा, पाणी कमी पडते आहे."

औषध सोपे, पण मला अवघड. प्रवासात पाणी मागितले की "कोणाचे तुम्ही?" हा प्रश्न येतो, म्हणून मी मागणेच सोडले होते आणि त्या भित्रेपणाला संयम असे भारदस्त नाव दिले होते. कोणी आपणहून विचारले तरी तोंडातून निघे, "राहू द्या." या वेळी मात्र पेडगावपर्यंत पीत पीत जायचे ठरवले होते.

मंठ्याच्या अलीकडे पिशवी ओली लागली. फिरकी नीट आवळली गेली नव्हती. माझ्या वाट्याचे पाणी धुतलेला सदराच पिऊन बसला होता.

देवगाव फाट्यावर (इथून सेलूचा रस्ता फुटतो) उतरलो, तर डांबर चपलांना चिकटत होते. हॉटेलात ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ होता, शेजारी काचेचे ग्लास उपडे घातलेले. मी पाणी मागितले.

"कोनाचे तुमी?" भजी तळता तळता मालकाने विचारले.

"बौद्ध."

"मंग त्ये टमरेल (पत्र्याचा डबा) घ्या की. भाईर खिळ्याला हाय."

"राहू द्या," मी म्हणालो आणि कोरड्या घशाने सेलूची गाडी धरली. कायदा माझ्या बाजूने होता. मीच माझ्या बाजूने नव्हतो.

सेलूहून पॅसेंजरने पेडगावला पोचलो. माझे जुने सहकारी सोपान मास्तर निवृत्तीनंतर तिथे राहत. स्टेशनावरून गावाकडे चालताना दोन्हीकडे काळी रिकामी रानं भेगाळून पडली होती. कमरेत ओळखीची कळ उठली. वाटेतल्या विहिरीवर एक म्हातारी घागर भरत होती. मी थांबलो.

"कोनाचं पाव्हनं?" तिने विचारले.

झाले! फाट्यावरचा सगळा राग तिच्यावर निघाला. "बौद्ध आहे. वरून ओतलेले ओंजळीत घेणार नाही. द्यायचे तर तांब्याने द्या."

तिने घागर खाली ठेवली, मला नीट न्याहाळले आणि पदर तोंडाला लावून हसू लागली. "आरं बाबा, जात कोन इचारली? कोनाच्या घरी जायलाव म्हून इचारलं!"

"सोपान मास्तरांच्या."

"मंग मपल्याच (माझ्याच) लेकाकडं की! आमी बौद्धच हाव. बस सावलीला, आन् दमानं पी."

दोन तांबे पाणी पोटात गेल्यावर मी तिला मुतखड्याची आणि फाट्यावरची हकीकत सांगितली. माय पुन्हा हसली नाही. "तितं तोंड शिवलं व्हतं का तुजं? माज्यावर लय वरडलास की! राहू द्या म्हनू म्हनूच खडा झाला पोटात."

मी मान खाली घातली. जिथे बोलायचे तिथे गप्प राहिलो होतो आणि जिथे गरज नव्हती तिथे गरजलो होतो.

रात्री ज्वारीची भाकरी, पिठले आणि मीठ घातलेले ताक झाले. सकाळी निघताना मायने तांब्या मागितला. मला वाटले, भरून देईल. तिने फडक्याने कोरडा केला आणि रिकामाच हातात ठेवला. "फाट्यावर भर."

परतताना देवगाव फाट्याला उतरलो. मालकाने मला ओळखले आणि झाऱ्यानेच खिळ्याकडे खूण केली. मी आत गेलो, ग्लास सुलटा केला, माठात ओगराळे बुडवले आणि उभ्याउभ्या पाणी प्यालो. बाकावरची दोन माणसे हातातली भजी तशीच धरून पाहत राहिली.

"ह्यो गिलास आता कोन वापरंल?" मालक ओरडला.

"मीच," मी म्हणालो. "अजून एक प्यायचा आहे."

तोही संपवला. मग त्याच माठातून तांब्या भरला आणि दोन्ही हातांनी फिरकी आवळली. जालना येईपर्यंत तांब्या रिकामा झाला. पिशवी कोरडी होती.