बाबांचं बीपी आणि ताकातलं मीठ

"घराण्यात कुणाला असा त्रास होता का?" डॉक्टरांनी विचारलं आणि मी ताडकन म्हणाले, "छे! आमच्याकडे कुणालाच नाही." शेजारी माझी लेक नखं खात बसली होती. चार-चार दिवस न झोपता घर डोक्यावर घ्यायची, मग महिनाभर पांघरुणातून बाहेर यायची नाही. बायपोलर, असं निदान झालेलं. दोन औषधं करून झाली होती, गुण शून्य.

"नीट आठवा," डॉक्टर म्हणाले. "हा आजार पुष्कळदा रक्ताच्या नात्यात उतरतो. आणि जवळच्या कुणाला एखादं औषध लागू पडलं असेल, तर खात्री देत नाही, पण हिलाही ते पडायची शक्यता जरा जास्त."

कोथरूडला घरी आलो. नवऱ्याला बीपी, म्हणून त्याची आमटी अळणी. "हे काय जेवण म्हणायचं?" तो रोजच्यासारखा कुरकुरला आणि माझा घास हातातच राहिला. माझ्या बाबांनाही बीपी होतं म्हणे. मरेपर्यंत गोळी घेत होते. पण आईनं त्यांचं मीठ कधी कमी केलं नाही. उलट उन्हाळ्यात मीठ घातलेलं ताक पुढ्यात आणून ठेवायची, एकादशीचा उपास करू द्यायची नाही. आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला न्यायची. बीपी रक्तात कधीपासून सापडायला लागलं?

दुसऱ्या दिवशी कसबा पेठेत आईकडे थडकले. ती गवार मोडत होती.

"बाबांची गोळी कसली होती?"

"बीपीची."

"मग ताकात मीठ कसं चालायचं?"

"आवडायचं त्यांना."

"आणि रक्त तपासणंही आवडायचं?"

आई गवार मोडतच राहिली. अस्सा संताप आला मला! "आई, पोरगी हातची जाईल माझी. आता तरी खरं बोल."

तिचे हात थांबले. "लिथियम," ती म्हणाली. "तुझ्या पोरीसारखंच होतं त्यांना. पंचवीस वर्षं. त्या गोळीवर माणूस नीट राहिला. मीठ-पाणी कमी पडलं की ती अंगात चढते, म्हणून ताक, म्हणून रक्त तपासणं. तुझं लग्न व्हायचं होतं गं. कुणाला सांगणार होते?"

"मला!" मी ओरडले. "निदान मला तरी!" दोन दिवस तिचा फोन उचलला नाही.

डॉक्टरांनी लेकीला तेच सुरू केलं. दोनेक महिन्यांत पोरगी माणसात आली, कॉलेजला जायला लागली. मी मात्र रोज तिच्याकडे टक लावून बघते. जास्त हसली तरी धास्ती, गप्प बसली तरी धास्ती.

परवा रक्त द्यायला निघालो होतो. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "अहो, सारखं कसलं रक्त तपासता पोरीचं?"

"थायरॉईड," मी म्हणाले. पापणीसुद्धा लवली नाही माझी.

लेकीनं माझ्याकडे बघितलं, मग काकूंकडे. "थायरॉईड नाही काकू, बायपोलर. ते आजोबांकडून आलंय मला. थायरॉईड सांगायची सवय आईला आजीकडून आलीय."